चौकटीतला प्रश्न

प्रोग्रामिंग शिकू लागलेल्या माणसाला वापरणाऱ्याकडून माहिती घेण्याचे दोन सोपे मार्ग उपलब्ध असतात. काळ्या पडद्यावर एक ओळ छापायची आणि पुढे कोणी काही टाइप करते का याची वाट पाहायची, हा पहिला. दुसरा डायलॉग बॉक्सचा: पडद्यावर उघडणारी छोटी चौकट, तीत प्रश्नाची एक ओळ, खाली लिहायला रिकामी पट्टी आणि ‘ओके’ व ‘कॅन्सल’ अशी दोन बटणे. पायथनमध्ये खिडक्या रचण्याच्या टीकेइंटर या संचासोबत येणारे सिंपलडायलॉग हे मॉड्यूल त्यासाठी पुरते. त्यातल्या आस्कस्ट्रिंग या फंक्शनला चौकटीचे शीर्षक आणि प्रश्नाचा मजकूर दिला की चौकट उघडते आणि लिहिलेले अक्षरन् अक्षर प्रोग्रामच्या हाती येते. संख्या हवी असेल तर आस्कइंटिजर किंवा आस्कफ्लोट वापरायचे. टीकेइंटरची मुख्य खिडकी मागे उगाच रिकामी उघडी राहते, ती विथड्रॉने लपवायची, एवढीच काय ती जास्तीची खटपट. जावात हेच काम जेऑप्शनपेन करते, व्हिज्युअल बेसिकमध्ये इनपुटबॉक्स, जावास्क्रिप्टमध्ये प्रॉम्प्ट, लिनक्सच्या शेल स्क्रिप्टमध्ये झेनिटी. नावे निराळी असली तरी घाट एकच आहे.

ही चौकट प्रश्न विचारते असे सगळेच म्हणतात. फंक्शनांची नावेही तेच सांगतात. पण प्रश्न विचारणे ही साधी क्रिया नव्हे. विचारणारा कोण, त्याला खरोखर जाणून घ्यायचे आहे का, कोणते उत्तर उत्तर म्हणून चालेल आणि उत्तर द्यायचेच नसेल तर काय, या गोष्टी ठरल्याशिवाय प्रश्न पुरा होत नाही. न्याय, मीमांसा आणि बौद्ध परंपरांनी या बाबींचा बारकाईने विचार केला आहे. विसाव्या शतकातल्या पाश्चात्य तर्कशास्त्रानेही केला. नवशिक्याच्या चार ओळींच्या प्रोग्राममध्ये त्या साऱ्या एकदम ठरवाव्या लागतात, आणि ठरवणाऱ्याला आपण त्या ठरवतो आहोत याचा बहुधा पत्ताही नसतो.

यंत्राने माणसाला काही विचारावे ही कल्पना प्रोग्रामिंगइतकी जुनी नाही. जॉन केमेनी आणि थॉमस कर्ट्झ यांनी डार्टमथ कॉलेजात १९६४ मध्ये खास नवख्यांसाठी बेसिक ही भाषा सुरू केली, तेव्हा तिच्यात इनपुट हा आदेश नव्हता. लागणारी माहिती डेटाच्या ओळीत आधीच लिहून ठेवायची आणि रीडने उचलायची, असा व्यवहार होता. चालू प्रोग्रामने थांबून माणसाकडे पाहण्याची सोय पुढच्या आवृत्त्यांत आली. खिडक्या आणि चौकटींचे रूप झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात घडले आणि ॲपलच्या लिसा (१९८३) व मॅकिंटॉश (१९८४) यांच्यामार्फत घराघरांत पोचले. लिसाच्या चाचण्यांतला एक किस्सा प्रसिद्ध आहे. होकाराच्या बटणावर तेव्हा ‘डू इट’ असे लिहिले होते. दोन शब्दांमधली जागा इतकी कमी होती की चाचणीला बसलेल्या एकाने ते ‘डोल्ट’, म्हणजे मूर्ख, असे वाचले आणि यंत्र आपल्याला शिवी देते आहे असे समजून तो वैतागला. बटणावर ‘ओके’ आले ते त्यानंतर. माणूस चौकटीतला मजकूर कुणाचे तरी बोलणे म्हणून वाचतो, ही गोष्ट त्या चाचणीत अनायासे सिद्ध झाली.

मग हे बोलणे कुणाचे? जॉन सर्ल यांनी १९६९ च्या ‘स्पीच ॲक्ट्स’ या पुस्तकात प्रश्नाच्या अटी मांडल्या आहेत. विचारणाऱ्याला उत्तर ठाऊक नसावे आणि ते जाणून घेण्याची त्याला इच्छा असावी. परीक्षेतला प्रश्न त्यांनी वेगळा काढला, कारण तिथे उत्तर परीक्षकाला ठाऊकच असते. समोरच्याला ते येते का, एवढेच त्याला पाहायचे असते. वनपर्वातल्या यक्षाचे प्रश्न या दुसऱ्या जातीचे. नवशिक्याचा पहिला प्रोग्राम मात्र दोन्हींत बसत नाही. ‘तुमचे नाव काय?’ अशी चौकट उघडते, माणूस नाव लिहितो, प्रोग्राम ‘नमस्कार’ म्हणून तेच नाव परत दाखवतो आणि संपतो. नाव कुणालाही जाणून घ्यायचे नव्हते. ते कुणाला येते का, हेही तपासायचे नव्हते. प्रोग्राम लिहिणारा त्या क्षणी दुसऱ्याच कामात असेल. सर्ल यांच्या अटी लावल्या तर इथे प्रश्न विचारलाच गेलेला नाही. एक यंत्र थांबले आणि कळ दाबल्यावर पुढे चालू लागले, इतकेच झाले.

उत्तर देणाऱ्याच्या बाजूने मात्र तो पुरता प्रश्न असतो. एमआयटीतले जोसेफ वाइझेनबाउम यांनी १९६६ मध्ये एलायझा हा प्रोग्राम प्रसिद्ध केला. समोरच्याने लिहिलेले वाक्य उलटसुलट करून त्याचाच प्रश्न बनवून परत विचारायचा, यापलीकडे त्यात फारसे काही नव्हते. वाइझेनबाउम यांनी पुढे नोंदवले आहे की त्यांच्या सेक्रेटरीने कित्येक महिने तो प्रोग्राम तयार होताना पाहिला होता. तरीही त्याच्याशी थोडा वेळ ‘बोलल्यावर’ तिने त्यांना खोलीबाहेर जायला सांगितले. विचारणारा नसला तरी विचारले गेल्याची जाणीव टळत नाही.

वक्ता नसलेल्या वाक्याला जोर कुठून येतो, हा मीमांसकांचा खास विषय. वेद अपौरुषेय, म्हणजे त्यांना कर्ता नाही, असे मानल्यावर वेदातल्या आज्ञेने माणूस का हलावा याचे उत्तर त्यांना द्यावे लागले. मीमांसेने ही प्रेरणा शाब्दी भावना म्हणून ओळखली. सतराव्या शतकातल्या आपदेवाच्या ‘मीमांसान्यायप्रकाश’ या ग्रंथात तिचे विवेचन आहे. लोकव्यवहारात एखादा दुसऱ्याला ‘गाय आण’ म्हणतो तेव्हा प्रेरणा बोलणाऱ्याच्या अभिप्रायात असते. वेदाला बोलणारा नाही, म्हणून तिथे ती क्रियापदाच्या विध्यर्थी प्रत्ययातच राहते. चौकटीतला प्रश्न दिसायला या दुसऱ्या प्रकारचा दिसतो. समोर कुणी नाही, मागे कुणी दिसत नाही, तरी वाक्य उत्तर मागते आहे. प्रत्यक्षात तो पहिल्या प्रकारचाच, पूर्णपणे लौकिक आहे. शब्द कुणीतरी निवडले, मर्यादा कुणीतरी घातल्या, उत्तराचे काय करायचे हेही त्याच कुणीतरी ठरवले. फक्त तो निघून गेला आहे. कर्ता नजरेआड झाला म्हणून वाक्य अपौरुषेय होत नाही. काउंटरवरचा कारकून ‘सिस्टिम घेत नाही’ म्हणतो तेव्हा नेमका हाच घोटाळा होतो: एका माणसाने एके दिवशी घातलेली अट जणू सृष्टीचा नियम असल्यासारखी सांगितली जाते. नवशिक्याने लिहिलेली आस्कइंटिजरची ओळ हा त्या सिस्टिमचाच लहानात लहान नमुना आहे.

प्रश्नाचा अर्थ कशाने ठरतो यावर चार्ल्स हॅम्ब्लिन यांचे उत्तर इथे फार उपयोगी पडते. हॅम्ब्लिन ऑस्ट्रेलियातले तत्त्वज्ञ, आणि कॉम्प्युटरच्या आरंभीच्या काळातले एक कर्तबगार तंत्रज्ञही. न्यू साउथ वेल्समधल्या विद्यापीठात त्यांनी जॉर्ज नावाची प्रोग्रामिंग भाषा रचली. क्रिया मागून लिहिण्याची, कंस न लागणारी गणिती पद्धत आणि स्टॅकचा वापर यांच्याशी त्यांचे नाव जोडलेले आहे. १९५८ मध्ये त्यांनी ‘क्वेश्चन्स’ हा छोटा लेख लिहून तीन गृहीतके मांडली. उत्तर हे विधान असते. काय उत्तर म्हणून चालेल हे कळणे म्हणजेच प्रश्न कळणे. आणि एखाद्या प्रश्नाची शक्य उत्तरे मिळून एक पुरा संच होतो, त्यात दोन उत्तरे एकाच वेळी खरी नसतात आणि सगळ्या शक्यता त्यात येतात. या तिन्हींवर पुढे भरपूर वाद झाले, पण प्रोग्राम लिहिणाऱ्याला दुसरे गृहीतक वादाशिवाय पटते, कारण तो तेच हाताने करत असतो. ‘तुमचे वय किती?’ ही ओळ फक्त माणसासाठी आहे. प्रोग्रामच्या लेखी प्रश्न वेगळा आहे: पूर्णांक हवा, किमान १, कमाल १२०. या मर्यादा आस्कइंटिजरला मिनव्हॅल्यू आणि मॅक्सव्हॅल्यू म्हणून देता येतात. त्याबाहेरचा आकडा लिहिला तर चौकट तो फार लहान किंवा फार मोठा असल्याचे सांगते आणि पुन्हा विचारते. अक्षरे लिहिली तर हा पूर्णांक नाही म्हणते आणि पुन्हा विचारते. दर्शनी प्रश्न आणि खरा प्रश्न यांत अंतर पडले की माणूस अडकतो. किमान वय १ ठेवले तर आठ महिन्यांच्या बाळाची नोंद करणारी आई ‘शून्य’ही लिहू शकत नाही आणि ‘आठ महिने’ही. बाळाला वय असते. प्रश्नाच्या उत्तरसंचातून मात्र ते वगळले गेलेले असते.

नावाचा प्रश्न याहून अवघड. मराठी माणसाचे कागदोपत्री नाव तीन पदांचे: स्वतःचे, वडिलांचे किंवा नवऱ्याचे, मग आडनाव. पूर्ण नाव एका पट्टीत घेऊन जागा सापडेल तिथे तोडायचे आणि दुसरा शब्द आडनाव समजायचा, अशी युक्ती पाठ्यपुस्तकी उदाहरणात सर्रास असते. महाराष्ट्रात ती वडिलांनाच आडनाव करून टाकते. दक्षिणेत अनेकांना आडनावच नसते, नावाआधी आद्याक्षर असते. इथे प्रोग्राममध्ये दोष सापडत नाही; तो सांगितले तसे वागतो. दोष प्रश्नाच्या गृहीतकात असतो, आणि गृहीतक हे प्रश्नाचे असे अंग आहे की जे उत्तर देणाऱ्याला बदलता येत नाही.

ग्रीकांकडे या पेचाची एक जुनी गोष्ट आहे. डायोजिनीस लाएर्टियसने नोंदवल्याप्रमाणे ॲलेक्सिनस या वादपटूने इरेट्रियाच्या मेनेडेमसला विचारले की, तू वडिलांना मारणे सोडलेस का. हो म्हटले तरी तो मारत होता असे ठरते आणि नाही म्हटले तरी तेच. मेनेडेमसने आपण मारलेही नाही आणि सोडलेही नाही असे सांगितले. हो किंवा नाही यांतच उत्तर दे, असा आग्रह झाल्यावर तो म्हणाला की, तुझे नियम मी का पाळावेत, मी तुला दारातच अडवू शकतो. मेनेडेमसला हे जमले कारण समोर माणूस होता आणि बोलणे दोघांचे होते. टीकेइंटरच्या आस्कयेसनो या चौकटीसमोर त्याला काय करता आले असते? विंडोजवर ही चौकट उघडली की कोपऱ्यातली फुलीदेखील निष्क्रिय असते. हो किंवा नाही म्हटल्याशिवाय ती जात नाही. दार आहे, पण आतून कडी नाही.

पालीतल्या अंगुत्तरनिकायात प्रश्नांचे चार प्रकार दिले आहेत आणि तिथली वर्गवारी प्रश्न कसा विचारला यावरून नव्हे, तर त्याला कसे उत्तर द्यावे यावरून आहे. काही प्रश्नांना एकच सरळ उत्तर असते. काहींचे तुकडे पाडून, कोणत्या अर्थाने ते वेगळे करून, उत्तर द्यावे लागते. काहींना उलट प्रश्न विचारावा लागतो. आणि काही प्रश्न बाजूला ठेवायचे असतात. त्यांना ठपनीय म्हटले आहे. या मापाने पाहिले तर चौकटींची गरिबी उघडी पडते. आस्कयेसनो पहिल्या प्रकारापुरतीच आहे. ‘तसे पाहिले तर हो, असे पाहिले तर नाही’ हे दुसऱ्या प्रकारचे उत्तर तिच्यात कुठेच मावत नाही. जैनांनी स्याद्वादात सात भंग मानले आणि ‘अवक्तव्य’ म्हणून, म्हणजे सांगता येत नाही म्हणून, एका भंगाला स्वतंत्र जागा दिली. ते तर फारच दूर राहिले. उलट विचारण्याची सोय म्हणून कधी एखादे मदतीचे बटण असते, पण ते ठरलेला मजकूर दाखवते. चौथ्या प्रकाराला मात्र चौकटीत खरोखर जागा आहे. ती म्हणजे कॅन्सल.

कॅन्सल हा डायलॉग बॉक्सचा सर्वांत कमी शिकवला जाणारा आणि सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. काळ्या पडद्यावरच्या इनपुटला कॅन्सल नसते. तिथे माणसाने काहीतरी टाइप करावे, निदान एंटर दाबावे, नाहीतर प्रोग्राम तोडून बाहेर पडावे. चौकटीने पहिल्यांदा नकाराला उत्तराशेजारी, उत्तराच्याच आकाराची जागा दिली. प्रश्न असा की प्रोग्राम त्या नकाराचे काय करतो.

आस्कस्ट्रिंगमध्ये तीन वेगळ्या गोष्टी घडू शकतात. माणूस काही लिहून ओके दाबतो, तेव्हा ते अक्षररूपाने मिळते. माणूस काहीच न लिहिता ओके दाबतो, तेव्हा रिकामी स्ट्रिंग मिळते. माणूस कॅन्सल दाबतो, तेव्हा ‘नन’ हे खास मूल्य मिळते, ज्याचा अर्थ ‘इथे काही नाही’ असा होतो. दुसरी आणि तिसरी गोष्ट एक नव्हे. रिकामी पट्टी ओके करणारा प्रश्न मान्य करतो आणि आपल्याकडे सांगण्यासारखे काही नाही असे सांगतो. मधले नाव विचारल्यावर ज्याला ते नाही त्याने असेच करायचे असते. कॅन्सल दाबणारा प्रश्नच स्वीकारत नाही. पायथनने हा भेद जपून हाती दिला आहे. नवशिका तो पुढच्याच ओळीत घालवतो, कारण ‘नाव नसेल तर’ अशी सोपी अट लिहिली की पायथन रिकाम्या स्ट्रिंगला आणि ननला सारखेच खोटे धरतो. ‘नाव नन असेल तर’ असे वेगळे विचारावे लागते. अट एका शब्दाने लांब होते, एवढाच काय तो खर्च.

सगळ्या भाषांनी हा भेद जपलेला नाही. व्हिज्युअल बेसिकच्या इनपुटबॉक्समध्ये कॅन्सल दाबले तरी शून्य लांबीची स्ट्रिंग मिळते आणि काही न लिहिता ओके दाबले तरी तीच. मौन आणि नकार तिथे रचनेतच एक झाले आहेत. ते वेगळे करायला प्रोग्रामरांना आडवाटा शोधाव्या लागल्या. जावाच्या जेऑप्शनपेनमधली होकार-नकार विचारणारी चौकट उलट टोकाची आहे. होकार ०, नकार १, कॅन्सल २ आणि चौकट फुलीने बंद केली तर उणे १, असे चार निरनिराळे आकडे ती देते. रद्द करणे आणि उठून जाणे यांत फरक आहे, असे ती रचणाऱ्याला वाटले असावे. तसा तो आहेच.

सर्वांत धोक्याची वाट जावास्क्रिप्टमधली आहे, आणि महाराष्ट्रातल्या अकरावी-बारावीच्या माहिती तंत्रज्ञान विषयातून बरेच विद्यार्थी याच भाषेतून चौकटींकडे येतात. प्रॉम्प्टमध्ये कॅन्सल दाबले की ‘नल’ मिळते, इथवर ठीक. पण मिळालेल्या मूल्याचा आकडा करण्यासाठी नंबर हे फंक्शन लावले की नलचे शून्य होते. रिकाम्या स्ट्रिंगचेही शून्यच होते. पाच विषयांचे गुण विचारून सरासरी काढणारा प्रोग्राम घ्या. चौथ्या चौकटीला विद्यार्थ्याने कॅन्सल दाबले, कारण त्या विषयाची परीक्षा व्हायची आहे. प्रोग्राम त्या विषयात शून्य गुण धरून सरासरी दाखवतो, कुठेही चूक झाल्याची सूचना नाही. न दिलेल्या उत्तराचे उत्तर झाले, आणि तेही सर्वांत वाईट. यंत्राने खोटे सांगितले असे म्हणता येत नाही, पण माणसाच्या तोंडी त्याने न म्हटलेले घातले गेले, हे खरे. न्यायसूत्रांत वादातल्या छलाचे प्रकार सांगितले आहेत: बोलणाऱ्याच्या मनात नसलेला अर्थ त्याच्या बोलण्यातून काढून त्यालाच अडकवणे. नलचे शून्य हा हेतूशिवाय घडलेला छल आहे, आणि हेतू नसल्याने उत्तर देणाऱ्याचे नुकसान कमी होत नाही.

बुद्धाच्या मौनाशी तुलना केली तर आणखी एक अंतर दिसते. वच्छगोत्त नावाच्या परिव्राजकाने आत्मा आहे का, आणि मग आत्मा नाही का, असे विचारले. दोन्ही वेळा बुद्ध गप्प राहिले आणि वच्छगोत्त उठून गेला. त्यानंतर आनंद या शिष्याने मौनाचे कारण विचारले आणि त्याला ते सविस्तर मिळाले. कोणतेही उत्तर दिले असते तरी ऐकणारा चुकीच्या मताकडे ढकलला गेला असता, असा त्याचा आशय. म्हणजे त्या मौनाला कारण होते आणि ते विचारण्याची वाट मोकळी होती. ननमध्ये कारण नसते. माणसाने कॅन्सल का दाबले, प्रश्न चुकीचा होता, उत्तर ठाऊक नव्हते, सांगायचे नव्हते की बोट चुकून पडले, यातले काहीच प्रोग्रामला कळत नाही. एका बटणात चार कारणे कोंबलेली असतात. चांगला प्रोग्राम लिहिणारा निदान इतके करतो की कॅन्सलनंतर तोच प्रश्न तीच चौकट उघडून पुन्हा आदळत नाही. नवशिक्यांच्या प्रोग्राममध्ये योग्य उत्तर मिळेपर्यंत फिरणारे चक्र असते आणि बऱ्याचदा कॅन्सल त्या चक्रातच सापडते: दाबले की चौकट पुन्हा हजर. नकाराचे बटण ठेवायचे आणि नकार ऐकायचा नाही, यापेक्षा ते बटण न ठेवणे अधिक प्रामाणिक.

उत्तर मिळाले तरी ते काय मिळाले हा प्रश्न उरतोच. हॅम्ब्लिन यांचे पहिले गृहीतक म्हणते की उत्तर हे विधान असते. ‘वय किती?’ याला ‘२५’ असे म्हटले तर त्याचा अर्थ ‘माझे वय २५ आहे’ असा होतो. प्रश्न उरलेले वाक्य पुरवतो. आर. जी. कॉलिंगवुड यांनी १९३९ च्या आत्मचरित्रात याहून पुढे जाऊन म्हटले की कोणतेही विधान कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे हे कळल्याशिवाय त्याचा अर्थ कळत नाही. आस्कस्ट्रिंग किंवा प्रॉम्प्ट मात्र प्रश्न टाकून देते आणि फक्त अक्षरे परत आणते. ५ आणि ७ अशा दोन उत्तरांची बेरीज ५७ येते, ही नवशिक्याची पहिली फजिती यातूनच होते: त्याच्या मनात संख्या होत्या, हाती चिन्हे आली. चिन्हे कुणाची हेही ठरलेले नाही. देवनागरीत २५ लिहिले तर पायथनचे इंट ते निमूटपणे पंचवीस म्हणून घेते. जावास्क्रिप्टचे नंबर तेच ‘संख्या नव्हे’ म्हणून परत करते. तेच उत्तर एका ठिकाणी कळते आणि दुसऱ्या ठिकाणी बडबड ठरते.

चौकट आधीच भरलेली देता येते, ही सोयही विचार करण्यासारखी आहे. आस्कस्ट्रिंगला इनिशियलव्हॅल्यू दिली किंवा प्रॉम्प्टला दुसरा मजकूर दिला की पट्टीत ते उत्तर तयार लिहिलेले दिसते. पटले तर ओके. धार्मिक व्यवहारात याचे जुने उदाहरण पूजेच्या संकल्पात सापडते. संकल्पाचा मजकूर ठरलेला असतो, त्यात नाव, गोत्र, स्थळ, तिथी यांच्या जागा रिकाम्या असतात आणि गुरुजी यजमानाला विचारून त्या भरतात. गोत्र ठाऊक नसेल तर काश्यप गोत्र म्हणावे असा प्रघात आहे. हे तयार उत्तर विचारपूर्वक ठेवलेले आहे: न सांगता येणाऱ्यालाही विधीबाहेर ठेवायचे नाही. शिवाय आधी विचारले जाते, उत्तर नसल्यावरच ते वापरले जाते. चौकटीतले तयार उत्तर याच्या उलट क्रमाने येते. ते आधी दिसते आणि माणसाने ते बदलावे लागते. घाईतला माणूस बदलत नाही. मग प्रोग्रामच्या नोंदीत ‘शहर: पुणे’ असे जे लिहिले जाते ते कुणी सांगितले, राहणाऱ्याने की लिहिणाऱ्याने, हे पुढे ओळखता येत नाही.

खात्री करून घेणाऱ्या चौकटींनाही हेच लागू पडते. ‘नक्की पुसायचे का?’ हा प्रश्न संमतीसाठी असतो. मॅकिंटॉश प्रकल्प सुरू करणारे जेफ रॅस्किन यांनी २००० च्या ‘द ह्यूमेन इंटरफेस’ या पुस्तकात त्यावर कठोर टीका केली. दरवेळी विचारले की दरवेळी ओके दाबण्याची सवय लागते. सवयीने केलेली क्रिया लक्ष देऊन केलेली नसते, म्हणून नेमक्या ज्या वेळी थांबायला हवे त्या वेळीही बोट ओकेवर जाते. त्यापेक्षा केलेले मागे घेता येईल अशी सोय करावी, असा त्यांचा आग्रह होता. संमतीला लक्ष लागते, हा मुद्दा त्यांनी यंत्राच्या बाजूने मांडला असला तरी तो नीतिशास्त्राचाच आहे. पुन्हा पुन्हा विचारून मिळवलेला होकार कागदोपत्री भक्कम आणि प्रत्यक्षात पोकळ असतो.

यापुढचा प्रश्न पुढाकाराचा. सिंपलडायलॉगची चौकट उघडी असताना त्या प्रोग्रामच्या दुसऱ्या कोणत्याही खिडकीला हात लावता येत नाही. ती सगळे लक्ष स्वतःकडे ओढून घेते. चौकट बंद होईपर्यंत प्रोग्राम त्याच ओळीवर थांबतो. नवशिक्याला हे सोयीचे पडते. वरून खाली वाचत जावे तसा प्रोग्राम चालतो: विचार, थांब, घे, पुढे जा. पायथनसाठीचे ईझीजीयूआय हे मॉड्यूल याच कारणासाठी शिक्षकांना आवडले. पण थांबायचे केव्हा, कोणता प्रश्न आधी, कोणता नंतर, हे सारे प्रोग्रामच ठरवतो. तिसऱ्या चौकटीत असताना पहिल्या उत्तरातली चूक आठवली तर मागे जाता येत नाही. पालो आल्टोत आणि नंतर ॲपलमध्ये काम केलेले लॅरी टेस्लर अशा अडवणाऱ्या अवस्थांचे इतके कट्टर विरोधक होते की गाडीच्या नंबरप्लेटवरही त्यांनी ‘नो मोड्स’ असे लिहून घेतले होते.

प्रश्नोपनिषदात याच्या अगदी उलट मांडणी आहे. सहा जिज्ञासू पिप्पलाद ऋषींकडे येतात. ऋषी त्यांना एक वर्ष तप, ब्रह्मचर्य आणि श्रद्धेने राहायला सांगतात, मग हवे ते विचारा म्हणतात, आणि ठाऊक असेल तर सगळे सांगू अशी पुस्तीही जोडतात. अटी उत्तर देणाऱ्याच्या आहेत, आणि आपल्याला ठाऊक नसेल ही शक्यताही त्यानेच मोकळी ठेवली आहे. बृहदारण्यकात गार्गी एकामागून एक प्रश्न विचारत मुळापर्यंत जाऊ लागते तेव्हा याज्ञवल्क्य तिला अतिप्रश्न न करण्याविषयी बजावतो. तो बरोबर होता की चूक, यावर मते आहेत. पण मर्यादा घालणारा तो उत्तर देणारा आहे. चौकटीत मर्यादा घालण्याचा अधिकार पूर्णपणे विचारणाऱ्याकडे गेला आहे, आणि तो विचारणाराही जागेवर नाही.

हा तोल काही अंशी पुन्हा सावरतो तो पुढच्या पायरीवर. विद्यार्थी टीकेइंटरमध्ये स्वतःची खिडकी रचू लागतो, तीत एंट्रीच्या पट्ट्या, लेबले आणि बटण मांडतो, आणि शेवटी मेनलूप लिहून नियंत्रण सोडून देतो. आता प्रोग्राम विचारत बसत नाही. माणूस कोणत्याही पट्टीत, कोणत्याही क्रमाने लिहितो, खोडतो, अर्धवट सोडतो, आणि त्याला हवे तेव्हा बटण दाबतो. उत्तरांच्या मर्यादा, अक्षरांचे आकडे करणे, रिकाम्या पट्टीचा अर्थ लावणे ही कामे इथेही तशीच उरतात, आणि ती आता बटणाला जोडलेल्या फंक्शनमध्ये एकत्र करावी लागतात. कॅन्सलचे बटण वेगळे द्यायचे की नाही हे लिहिणाऱ्यावर असते. खिडकी बंद करण्याची फुली मात्र कोपऱ्यात आपोआप येते, आणि ती दाबल्यावर काय करायचे हे प्रोटोकॉल नावाच्या मेथडने ठरवता येते. काहीच ठरवले नाही तर खिडकी मिटते आणि लिहिलेले कुठेही जात नाही.